चांदोरकर पास झाले

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले चांदोरकरभाऊजी घरी येताना तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात, आणि तिथून परत दुसऱ्या मजल्यावर उतरतात. काही विसरलंय, पडलंय, असं नाही. दुसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसतात, बाटलीतलं कोमट पाणी घोटघोट पितात, छातीवर हात ठेवून स्वतःचा श्वास ऐकतात आणि मग उठून एका दमात चौथा मजला गाठतात. लिफ्ट चालू असते. तिच्यात पंखासुद्धा आहे. पण नाही.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला घेरी आली. हातातली कोथिंबीर तशीच टाकून मी धावले. "भाऊजी, काय होतंय?"

"काही नाही वहिनी. अ‍ॅक्लमटाइझ होतोय."

मला त्यातली फक्त 'अक्कल' ऐकू आली. ती त्यांच्या तोंडून आली म्हणून मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. तर म्हणे, उंचावर जायचं तर शरीराला सवय लावावी लागते. वर चढायचं, थोडं खाली येऊन राहायचं, मग पुन्हा वर.

"अहो, ते हिमालयात," मी म्हटलं. "हे पनवेल आहे. खाडीच्या काठाला राहतो आपण. गच्चीवर उभं राहिलं तरी तळोज्याची धुरांडी आपल्याहून उंच दिसतात."

"तुम्ही मैदानी माणसं," असं म्हणून भाऊजींनी जिन्याच्या खिडकीतून लांबवर नजर लावली. लांबवर समोरच्या बिल्डिंगमधल्या कोणाची तरी चादर वाळत होती.

'मैदानी माणसं' ही त्यांची आवडती शिवी. दूधवाला उशिरा आला, मैदानी माणूस. सोसायटीच्या मीटिंगला पंखा लागतो, मैदानी माणसं. मी चहात साखर जास्त घातली तर तेही मैदानीच. स्वतः जन्मले माणगावात, नोकरी केली तळोज्यात केमिकल कंपनीत पाळ्यांवर, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. पण रिटायर झाल्यावर एकदा कुठल्याशा ग्रुपबरोबर हिमालयात जाऊन आले, मग दरवर्षी जायला लागले आणि तेव्हापासून पहाडी झाले ते झालेच.

हे ट्रेकिंग काय असतं, ते मी तुम्हाला सांगते. तंबू त्यांचा, खेचर त्यांचं, स्वयंपाकी त्यांचा, वाट दाखवणारा त्यांचा. आपलं काय? आपण चालायचं. एवढंच. आम्ही लहानपणी पळस्प्याहून बाजाराला पायी यायचो. डोक्यावर ओझं, पायात काही नाही. पुढे कोणी शिट्टी वाजवत नव्हतं आणि परत गेल्यावर कोणी सर्टिफिकेट दिलं नाही. उलट उशीर का झाला म्हणून आई फाटकात उभी असायची. भाऊजींच्या दिवाणखान्यात मात्र अशा चालण्याची सर्टिफिकेटं फ्रेम करून लावली आहेत. नलिनीवहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोटो होता तो त्यासाठी फ्रीजवर गेला. नलिनीवहिनी चांगल्या धडधाकट आहेत हो. त्या कॅनडात मुलीकडे असतात. पहिल्या बाळंतपणाला गेल्या, मग दुसऱ्या बाळंतपणाला, आता बाळांना कोण बघणार म्हणून. इथे येतात त्या पाहुण्यासारख्या. डबे कुठल्या कपाटात आहेत ते आता मला विचारतात.

घरात एकटे असल्यामुळे भाऊजींना अडवणारं कोणी नाही. दात घासायच्या ब्रशची दांडी त्यांनी करवतीने अर्धी कापली. का? तर पाठीवरचं वजन कमी. मी म्हटलं, "भाऊजी, ब्रश कापण्यापेक्षा पोट कमी केलंत तर खेचरसुद्धा आशीर्वाद देईल." ते म्हणाले, "पोट हा इंधनाचा साठा आहे." अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. पोस्ट ऑफिस कुठे विचारलं तर, "अर्धा तास, मध्ये एक चढ." चढ म्हणजे रिक्षा स्टँडजवळचा गतिरोधक.

एकदा मी त्यांच्याबरोबर भाजी आणायला गेले. पुन्हा नाही गेले. पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट, दोन्ही हातांत टोकदार काठ्या, पाठीवर पोतंभर पिशवी आणि पिशवीत मिठाचे पुडे, प्रॅक्टिसचं वजन म्हणून. कोन गावच्या एक बाई रस्त्याच्या कडेला मेथी घेऊन बसतात, त्यांनी वर बघितलं.

"काका, पायाला काय झालं? दोन दोन काठ्या!"

"प्रॅक्टिस आहे मावशी. हिमालयाची."

"मंग तिकरं जावा ना! पाय उचला आधी. मेथी हाय ती, बरफ नाय."

मला इतकं हसू आलं की मी नको असलेली मेथीही घेतली.

पण गच्चीचं प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. सोसायटीने पावसाळ्याआधी गच्चीला नवीन वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. भाऊजींनी बर्फावर चालायचे काटे आणले. ते लोखंडी, बुटाखाली बांधायचे. बर्फ नाही म्हणून त्यांनी गच्चीवर सराव केला. रोज संध्याकाळी वरून करकर-करकर आवाज यायचा. मला वाटलं, कबुतरं वाढली. पावसाळा लागला तसं माझ्या ओट्याच्या वरून, बरोबर मसाल्याच्या डब्यावर, थेंब पडायला लागले. मी वर जाऊन बघते तर गच्चीभर भोकांची रांगोळी.

मी त्यांना बोलावून छत दाखवलं. ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पकड चांगली बसली होती म्हणजे."

चेअरमन दामूशेठ पाटील नसते तर मी त्या दिवशी पोलिसात गेले असते. दामूशेठ मूळचे कोनचे. जमिनी रस्त्यात गेल्या, मग त्यांनी बिल्डिंगा बांधल्या, त्यांतली ही एक. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी गच्ची दुरुस्त करून दिली आणि वर मलाच म्हणाले, "जाऊ द्या काकू. आपल्या बिल्डिंगीतला मानूस हिमालयावं चढतोय. हाय का शेजारच्या सोसायटीत कोन?"

आणि भाऊजी खरंच या वर्षी चढणार होते. आत्तापर्यंत नुसतं चालणं झालं होतं; या वेळी दोर, कुऱ्हाड, काटे लावून शिखर. त्या ग्रुपचा नियम असा, की भाऊजींच्या वयापुढच्या माणसाला चालायला नेतात, शिखरावर नाही. म्हणजे ही शेवटची संधी. भाऊजी वर्षभर दुसरं काही बोललेच नाहीत. त्या शिखराला नावसुद्धा नाही. नकाशावर नुसता उंचीचा आकडा आहे. "भाऊजी, ही लॉजची खोली आहे की डोंगर?" असं मी विचारलं तेव्हा पहिल्यांदाच ते रागावले. "वहिनी, एकदा वर उभं राहायचंय मला. बास. मग काठ्या तुम्हाला देतो, कपडे वाळत घालायला."

गेले. जाताना मी लाडू दिले. वजन होतं म्हणून डबा परत दिला, लाडू खिशांत भरले.

नंतर बरेच दिवस काही खबर नाही. वर रेंज नसते. मग एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर भाऊजींचा निरोप आला, वाटेतल्या कुठल्या गावातून पाठवलेला. दोनच शब्द. 'पास झाला.'

आमचे हे रिटायर्ड मास्तर. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "झाला? स्वतःबद्दल लिहिताना 'झालो' हवं. इतक्या उंचीवर व्याकरण जातं वाटतं."

व्याकरणाचं ज्याचं त्याने बघावं, पण अर्थ काय, तो आम्हा सगळ्यांना एकच कळला. काका पास झाले! दामूशेठनी ग्रुपवर टाळ्यांची रांग लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर फ्लेक्स.

पनवेलात फ्लेक्स कशाचा लागत नाही? वाढदिवसाचा लागतो, दहावीचा लागतो, गाडी घेतल्याचा लागतो. पण असा मी पाहिला नव्हता. वर मोठ्या अक्षरांत 'हिमालय पास! पनवेलची शान!' मध्ये काळा गॉगल लावलेले भाऊजी. मागे बर्फ, आणि बर्फावर एका कोपऱ्यात पांढरं अस्वल. फ्लेक्सवाल्याकडे बर्फ म्हटल्यावर तेवढंच निघालं. शेजारी दामूशेठ, भाऊजींपेक्षा वीतभर मोठे. खाली शुभेच्छुक म्हणून सगळी कमिटी, त्यात आमचे हेही, शाळेच्या निरोप समारंभातला फोटो.

त्यानंतर भाऊजींचा फोन लागलाच नाही. ते परत आले ते आम्ही गॅलरीतून बघत होतो. रिक्षा गेटपाशी थांबली. नाक सोललेलं, दाढी वाढलेली, वजन उतरलेलं. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. स्वतःला पाहिलं, अस्वलाला पाहिलं, वरची अक्षरं वाचली. पोरांनी बेंजो सुरू केला. दामूशेठनी धावत येऊन मिठी मारली आणि पेढा त्यांच्या तोंडात कोंबला. भाऊजी हात हलवून काही सांगत होते, पण तोंडात पेढा आणि कानाशी बेंजो. मग खाली मान घालून ते सरळ लिफ्टमध्ये शिरले.

लिफ्टमध्ये! मी ह्यांना म्हटलं, "काहीतरी बिनसलंय."

दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, शिखर झालं नाही."

"पण पास झालात ना?"

"पास म्हणजे खिंड हो! दोन डोंगरांमधली. वाटेत एक खिंड लागते, ती ओलांडली. पास झाला, म्हणजे खिंड पार झाली, शिखर पुढे आहे, असं मला कळवायचं होतं."

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आनंदच झाला. माझ्या मसाल्याच्या डब्याने सूड घेतला असं वाटलं. ह्यांनाही झाला. "म्हणून 'झाला'! मग व्याकरण बरोबर आहे," असं म्हणून ते समाधानाने झोपायला गेले.

"दामूशेठना सांगा की," मी म्हटलं.

"गेलो होतो. त्यांनी रविवारचा सत्कार ठरवलाय. मंडप सांगितलाय. शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनला मुद्दाम बोलावलंय. मी तोंड उघडलं की ते पेढा घालतात."

"मग घ्या शाल आणि गप्प बसा. इथून कोण जातंय बघायला, तुम्ही कुठल्या नंबरवर चढलात ते."

भाऊजी वळून आपल्या दाराकडे गेले. 'मैदानी माणसं' असंसुद्धा म्हणाले नाहीत, त्याचं मला जरा वाईट वाटलं.

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. शाल झाली, नारळ झाला. दामूशेठनी माइकवर सांगितलं, "आपल्या काकांनी हिमालय पास केलाय. आता काका दोन शब्द बोलतील." मी मनात म्हटलं, दोनच बोला. गेल्या वेळच्या दोन शब्दांनी एवढा घोळ केलाय.

भाऊजींनी माइक धरला. "मी शिखरावर गेलो नाही," ते म्हणाले. "पास म्हणजे खिंड. मी खिंड ओलांडली. शिखरावर मला नेलं नाही. हा सत्कार माझा नाही." आणि शाल काढून घडी घालायला लागले.

दामूशेठनी डोकं खाजवलं.

"म्हंजे तुमी दोन डोंगरांच्या मधनं गेलात?"

"हो."

"मंग डोंगरावं कोन गेला?"

"बाकीचे. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतली मुलं होती, ती."

"पुन्याची?" हे मात्र दामूशेठना लागलं. शेजारचा चेअरमन मिशीत हसत होता, तेही त्यांनी पाहिलं. त्यांनी माइक ओढून घेतला. "खिंड तर खिंड! पलस्प्याचा नाका ओलांडताना आमचा दम निघतो, काकांनी हिमालयाची खिंड ओलांडली! आनि वर चढलो नाय, असं सांगायला इथं उभा राहिला हा मानूस. आमच्यात कोन सांगतो? घाला ती शाल. वाजवा रे!"

वाजवलं. आता बेंजो वाजल्यावर कोणाला काय आठवतंय! भजी आली, लोक भज्यांकडे वळले.

मी भाऊजींचा नारळ घेऊन त्यांच्याबरोबर वर आले. खरं म्हणजे मला भांडायचं होतं. चौथ्या मजल्यावर आल्यावर मी म्हटलं, "एक सांगा. वर्षभर जिना चढलात-उतरलात, माझं छत फोडलंत, ब्रश कापलात. आणि आयत्या वेळी वर नेलं नाही? का? पाय मोडला होता?"

"नाही."

"मग?"

ते आपल्या दाराशी किल्ली हातात धरून उभे राहिले.

"आमची लीडर होती, पद्मा म्हणून. तिकडचीच, पहाडातली बाई. रोज सकाळी प्रत्येक तंबूपाशी चहा घेऊन यायची. तंबूच्या दारात उकिडवी बसायची आणि चहा हातात देऊन विचारायची, 'नींद आई अंकल? खाना गया? सिर कैसा है? सच बताना.' वर नेण्याजोगं कोण आहे, ते त्यावरनं ठरवतात. पुण्याची पोरं आतून ओरडायची, ऑल गुड! एकाला तर रात्रभर उलट्या होत होत्या, तोही ऑल गुड."

"आणि तुम्ही?"

"मी सांगायचो."

"काय?"

"सगळं. झोप केव्हा मोडली. कंपनीचा भोंगा ऐकू आल्यासारखं झालं. उजव्या कानाला गार लागतं. रोजचा मटार नकोसा झालाय. ती ऐकून घ्यायची हो. उठायची घाई नाही. आणि आज कानाचं सांगितलं की उद्या आल्याबरोबर, 'कान कैसा है?'"

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मग शेवटी म्हणाली, अंकल, तुमच्या इतक्या तक्रारी आहेत, तुम्हाला वर न्यायची मला भीती वाटते. तुम्ही खालीच थांबा."

"अहो, पण खरंच एवढं होत होतं का तुम्हाला?"

"थोडं थोडं. सगळ्यांनाच होत होतं."

"मग म्हणायचं ना एक दिवस, बरं आहे म्हणून! जन्मभर काय म्हणतो आपण? कसे आहात, बरं आहे. तोंडपाठ आहे की!"

"म्हणणार होतो वहिनी. शेवटच्या सकाळी ठरवून बसलो होतो, आज ऑल गुड म्हणायचं. शब्द तोंडात तयार होता." त्यांनी किल्ली उगीचच उलटीसुलटी केली. "पण ती येऊन बसली, विचारलं, आणि मग... राहवलं नाही. इथे विचारतात ना, काय चांदोरकर, कसे आहात, ते जिना उतरता उतरता विचारतात. उत्तराला थांबत नाहीत. नलिनी रोज फोन करते. बाळाला समोर धरते. बाळ गोड आहे. पण बाळ काय विचारणार?"

"शिखर हुकलं, त्याचं काहीच नाही वाटलं?"

"वाटलं की. सगळे गेले वर, मी तंबूत बसून रडलो. दुपारी उतरली सगळी मंडळी, नाचत होती पोरं. ती बाई दमलेली, ओठ फुटलेले. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, 'अंकल, खाना खाया?'"

मी नारळ त्यांच्या हातात दिला. "शाल नीट ठेवा. घरी धुऊ नका, आटेल," एवढंच म्हटलं आणि आमचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर तेही आपली पिशवी घ्यायला बाहेर आलेले. रोजच येतात. रोज मी 'काय भाऊजी' म्हणते आणि आत वळते.

"झोप लागली का?" मी विचारलं.

ते वाकलेले होते, तसेच थांबले. "खरं सांगू?"

"मग काय, खोटं विचारलं मी? थांबा जरा."

मी आत जाऊन गॅस बंद केला, ओट्याखालचं स्टूल उचललं, दारात आणून मांडलं आणि बसले. आतून ह्यांनी हाक मारली, "अगं, चहाचं काय झालं?"

"होईल!" मी ओरडले, आणि भाऊजींकडे वळले. "हं, सांगा. पण कानापासून सुरू करू नका."